‘तुझी प्रेरणा कोण?’ असं आजीला विचारू नका, ‘ही गोष्ट तुला कुणी सांगितली?’ असं विचारा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजी ८२ वर्षांच्या, मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या, आता पुण्यात तुमच्याकडे असतात. तुमच्या लहानपणी त्या रोज रात्री गोष्टी सांगायच्या. त्या गोष्टी, त्यांचं आयुष्य आणि त्यांना प्रेरणा कुणाकडून मिळाली हे सगळं आता तुम्हाला नोंदवून ठेवायचं आहे. तुम्ही प्रश्नांची यादी काढली, फोन समोर ठेवला, आणि आजी म्हणाल्या, ‘माझं मेलीचं काय आलंय सांगण्यासारखं?’ तुमचा सहा वर्षांचा मुलगा मोबाइल सोडून पणजीजवळ बसत नाही, आणि आजींना एका कानाने कमी ऐकू येतं.

मी आधी बालवाडीत शिकवलं, मग वाचनालयाच्या बालविभागात मुलांना गोष्टी सांगितल्या. त्याच नादात सातारा-सांगली भागातल्या म्हाताऱ्या बायकांकडून गोष्टी, कहाण्या, ओव्या गोळा करत आले. त्या अनुभवावरून सांगते.

आजी बोलत नाहीत आणि मुलगा बसत नाही, या तुम्ही दोन अडचणी म्हणून लिहिल्या आहेत. मला ती एकच दिसते. आजींकडे सांगण्यासारखं भरपूर आहे, पण त्यांच्यासमोर ऐकणारं कुणी नाही. तुम्ही बसलात ते मुलाखत घ्यायला. जन्मभर पोरांना कुशीत घेऊन गोष्ट सांगणाऱ्या बाईला समोरासमोर, फोनकडे बघत, आपल्याबद्दल बोलायची सवयच नसते. त्यातून त्या पिढीच्या बायकांना ‘स्वतःचं सांगणं’ म्हणजे एक तर गाऱ्हाणं किंवा बढाई वाटते, आणि दोन्ही न करण्याचं वळण त्यांना लहानपणापासून लागलेलं असतं. म्हणून ‘तुझ्या आयुष्याबद्दल सांग’ म्हटलं की तोंडाला कुलूप लागतं. ‘ती भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट कशी होती गं?’ म्हटलं की त्या सरसावून बसतात.

तेव्हा यादी बाजूला ठेवा आणि गोष्टीपासून सुरुवात करा. आयुष्य गोष्टीतूनच बाहेर येतं. कसं, ते एका उदाहरणाने सांगते.

खटाव भागातल्या एका आजींकडून मी श्रावणी सोमवारची कहाणी ऐकत होते. तुम्हालाही ती माहीत असेल. आटपाट नगरच्या राजाला महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा असतो. दवंडी पिटतात, गाव धाकाने घरातलं सगळं दूध आणून ओततं, पोरांना ठेवत नाही, वासरांना ठेवत नाही, आणि गाभारा काही भरत नाही. दुपारी एक म्हातारी मुलाबाळांना, लेकीसुनांना, गाईवासरांना तृप्त करून उरलेलं खुलभर दूध घेऊन येते आणि गाभारा भरून जातो. छापील पोथीत म्हातारीची ही घरची कामं दोन ओळींत आटोपतात. या आजी मात्र तिथेच रेंगाळल्या. वासरू कसं ढुशा देत पीत होतं, त्याच्या तोंडाला फेस कसा आला होता, म्हातारीने ओल्या बाळंतिणीला आधी वाटीभर दूध कसं प्यायला लावलं, हे सगळं हातवारे करत सांगितलं. खुलभर म्हणजे किती, ते दोन तळव्यांची ओंजळ करून दाखवलं. राजा, गाभारा, महादेव यांना त्यांनी जेमतेम हात लावला.

कहाणी सुफळ संपूर्ण झाल्यावर मी एकच प्रश्न विचारला, ‘ही तुम्हाला कुणी सांगितली?’ म्हणाल्या, ‘आमच्या चुलतसासूनं.’ आणि पुढे आपणहून सुरू झाल्या. ही चुलतसासू लहान वयात विधवा झालेली, मूलबाळ नाही, घरात तिच्या शब्दाला किंमत नाही. घरचं दूध सगळं विकायला जायचं. पण यांच्या पहिल्या बाळंतपणात ती रोज पदराआडून वाटीभर दूध आणून द्यायची आणि पिऊन होईपर्यंत दारात उभी राहायची. कहाणीतली ओली बाळंतीण कुठून आली ते मला तेव्हा कळलं. पोथीत ती नाही. त्या चुलतसासूकडे बघून आपण पुढे आपल्या सुनांशी कसं वागायचं ठरवलं, हेही त्यांनी सांगितलं.

तुम्ही ज्याला प्रेरणा म्हणता ती ही. त्याच आजींना मी ‘तुमचं प्रेरणास्थान कोण?’ असं विचारलं असतं तर जिजाऊ किंवा सावित्रीबाई असं उत्तर आलं असतं. ते खोटं नसतं हो. सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलंच, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केल्यापासून त्या भागातल्या कितीतरी घरांत शिकलेली पहिली पिढी तयार झाली. तुमच्या आजींच्या मनात ही नावं मोठीच असणार. पण ती सगळ्यांची असतात. वाटीभर दूध देणारी चुलतसासू फक्त त्यांची, आणि तिचं नाव दुसरं कुणीही लिहून ठेवणार नाही.

म्हणून माझा नियम असा, की प्रत्येक गोष्टीनंतर ‘कुणी सांगितली?’ एवढंच विचारायचं. मग गप्प बसायचं. उत्तर येत असेल तर येऊ द्यायचं. ‘कुणास ठाऊक, अशीच ऐकली’ असं आलं तर सोडून द्यायचं. पुढच्या वेळी दुसऱ्या गोष्टीला पुन्हा विचारायचं. आई, आत्या, गावात येणारे कीर्तनकार, शाळेतल्या बाई, शेतात भांगलायला बरोबर असणारी मैत्रीण, रेडिओ, अशी एकेक माणसं आणि ठिकाणं हळूहळू जमा होतात. रेडिओला कमी समजू नका. १९५५-५६ मध्ये पुणे केंद्रावरून गीतरामायण लागायचं तेव्हा ज्या घरात रेडिओ असेल तिथे आजूबाजूची माणसं जमायची. तुमच्या आजी तेव्हा बारा-तेराच्या आसपास असतील. त्यांच्या रामाच्या गोष्टीत त्याचा अंश सापडू शकतो.

आता हातांबद्दल. माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रयत्नात सगळ्यात जास्त नडलं ते हे, की आजींचे हात रिकामे होते. त्या पिढीतल्या बायका काम करता करता बोलत आल्या. गी पॉइटेव्हाँ आणि हेमा राइरकर या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या अकराशेच्या आसपास गावांमधून लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या आता ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’च्या संकेतस्थळावर वाचायला आणि ऐकायला मिळतात, एकदा जरूर ऐका. ओवी जात्याच्या घरघरीवर चालते. माझाही अनुभव हाच, की नुसतं बसवून ‘ओवी म्हणा’ म्हटलं तर बाईला दोन आठवतात, आणि हात खुंट्याला लागला की थांबवत नाही. आपल्याकडे आता जातं नाही, पण वाती वळणं, मेथी निवडणं, लसूण सोलणं, वाकळेला टाके घालणं आहे. त्यातलं काहीतरी आजींपुढे ठेवा आणि तुम्हीही बरोबर करायला बसा. नजर कामाकडे गेली की बोलणं मोकळं होतं. फक्त शेंगा फोडायला घेऊ नका. गप्पांना त्या उत्तम, पण रेकॉर्डिंगमध्ये टरफलांचा कडकडाट आवाजाच्या वर येतो.

रेकॉर्डिंगचं इतकंच सांभाळा: फोन एअरप्लेन मोडवर, घडी घातलेल्या टॉवेलवर उपडा, आजींपासून वीतभर-दीड वीतभर अंतरावर. पंखा बंद करता आला तर उत्तम. सुरुवातीला तुमच्या आवाजात तारीख आणि ठिकाण बोला. अर्ध्या तासाच्या वर ताणू नका. फाइलला लगेच नाव द्या, नाहीतर महिन्याभराने कोणती कुठली ते कळत नाही. दोन ठिकाणी प्रत ठेवा. व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना पाठवायची असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आणि रेकॉर्ड करतोय हे आजींना सांगून करा. गुपचूप कधीच नको.

तुमच्या मुलाबद्दल. त्याला ‘मोबाइल ठेव आणि पणजीची गोष्ट ऐक’ म्हणालात तर गोष्ट ही शिक्षा होऊन बसेल. त्यापेक्षा वेळ बांधा. रात्रीची जेवणं झाली, अंथरुणं पडली, मोठा दिवा बंद झाला की गोष्ट. घरातल्या सगळ्यांचे फोन त्या वेळी दुसऱ्या खोलीत, तुमचासुद्धा. रेकॉर्डिंगला लागणारा तेवढा एक उपडा ठेवलेला चालेल. पहिले काही दिवस तो चुळबुळ करेल, मध्येच उठेल, करू द्या.

आणि गोष्ट निवडताना अशी घ्या, जिच्यात त्याला काम आहे. आपल्या जुन्या गोष्टींची बांधणीच तशी असते. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ भेटतो, ती म्हणते, ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ पुढे कोल्हा भेटतो, पुन्हा तेच. परत येताना भोपळा, आणि ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’. टोपीवाल्या उंदराची तशीच, ‘राजा भिकारी, माझी टोपी घेतली’ आणि शेवटी ‘राजा मला भ्याला, माझी टोपी दिली’. तेच वाक्य तिसऱ्यांदा येतं तेव्हा मुलाला ते आधीच माहीत असतं, आणि माहीत असलेलं येणार म्हणून ते श्वास रोखून बसतं. ते वाक्य त्याला म्हणू द्या. आजींनी ‘चल रे भोपळ्या’ म्हणून थांबायचं, ‘टुणूक टुणूक’ त्याने म्हणायचं. चार-पाच दिवसांत तो स्वतःच ‘भोपळा सांग’ म्हणत येईल, आणि रोज तीच गोष्ट मागेल. कंटाळू नका, तीच सांगा. मुलं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मागतात, कारण पुढे काय होणार हे ठाऊक असण्यात त्यांना भारी वाटतं, आणि एक शब्द बदलला तर तुम्हाला पकडतात.

गोष्ट संपल्यावर ‘मग यातून काय शिकलास?’ असं मात्र कुणीही विचारू नका. गुजरातेत भावनगरच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका मुलांना गोष्टी सांगायचे ते आधी आनंदासाठी. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून आल्या, आणि पुढे बोर्डी-कोसबाडला त्यांनी आणि अनुताई वाघांनी आदिवासी पाड्यांवर बालशिक्षण नेलं, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या अंगणात घेऊन जायची म्हणून. मी ज्या वळणाने शिकवायला शिकले ते यांचं. मुलाच्या अंगणात जायचं, हेच मी तुम्हालाही सांगते आहे. तो अंथरुणावर लोळत ऐकतो तर लोळत ऐकू दे.

यात एक गोष्ट आपोआप होते. मूल मध्येच विचारतं, ‘पणजी, तू वाघ पाहिलायस?’ ‘तुला लहानपणी भीती वाटायची?’ ‘तुझी आई कुठाय?’ हे प्रश्न तुम्ही आणि मी विचारले तर चौकशी होते. पोराने विचारले की आजी उत्तर देतात, खरं देतात. मला मिळालेल्या कितीतरी आठवणी अशा कुणाच्या तरी नातवंडाने विचारल्यामुळे मिळाल्या. रेकॉर्डिंगचा फोन तेव्हा बाजूला चालू असू द्या.

मग कधीतरी सरळ आयुष्याबद्दल विचारायची वेळ येते. तेव्हा साल विचारू नका. ‘तुझं लग्न कोणत्या साली झालं?’ याला ‘काय ठाऊक बाई’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी सगळ्या गावाला बसलेले धक्के धरून विचारा. नवे पैसे आले (१९५७) तेव्हा तू शाळेत होतीस का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७, पहाटे) तेव्हा कुठल्या घरात होतीस, कडेवर कोण होतं? आणि माणच्या बाईला १९७२ चा दुष्काळ विचारलाच पाहिजे. दुष्काळी कामावर खडी फोडायला कोण कोण जायचं, पाझर तलावाच्या कामावर पोरांना कुठे झोपवायची, मिलोची (बाहेरून आलेल्या लाल ज्वारीची) भाकरी कशी लागायची, सुकडी (दुष्काळात वाटायचं कोरडं पौष्टिक पीठ) कशी वाटायचे. आजी तेव्हा तिशीच्या आसपास होत्या. माणसाला म्हातारपणी साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात ठळक आठवतं, हे मानसशास्त्राच्या अभ्यासांत वारंवार दिसलं आहे, आणि मीही तेच पाहत आले. तुमच्या यादीतले निम्मे प्रश्न गेल्या वीस वर्षांबद्दलचे आहेत. ते आजींना आधी विचारलेत म्हणून आजी अडल्या असाव्यात. मुलगीपण, नवं सासर, पहिलं मूल, पहिली शेती, तिथे खणा.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत, तिथे मी ठाम सांगणार नाही. खोलीत कोण आहे त्यावर बोलणं बदलतं. सून जवळ असेल तर सासूबद्दल वेगळं बोलतात, मुलगा असेल तर त्याच्या वडिलांबद्दल बोलतच नाहीत. तुमच्या घरात कोण असताना आजी मोकळ्या होतात ते तुम्हीच बघा. स्मरणशक्ती कमी होत चालली असेल तर पद्धत बदलावी लागेल. तेव्हा नव्या प्रश्नांपेक्षा जुना फोटो, पितळी डबा, लुगड्याचा काठ हातात देणं बरं. आणि काही आठवणी दुखऱ्या असतात. दगावलेलं मूल, मोडलेलं लग्न, घरातली मारझोड. तिथे आल्या की मी रेकॉर्डर बंद करते आणि नुसती बसते. त्यांना बोलायचं असेल तर ऐकते, पण उकरत नाही. नंतर कधीतरी ‘हे ठेवू का?’ असं विचारते. नको म्हणाल्या तर पुसून टाकते. नोंदीपेक्षा माणूस मोठं.

‘असं नव्हतं गं आजी, मागच्या वेळी तू वेगळं सांगितलंस,’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. दोन वेळा दोन तऱ्हांनी सांगितलं तर दोन्ही लिहून ठेवा. कोयनेच्या भूकंपाची तारीख कुठेही मिळते. त्या पहाटे पोराला घेऊन ओट्यावर कसं धावत आलो, हे दोन तऱ्हांनी आठवणं ही त्यांचीच ठेव आहे.

भाषेचं तसंच. लिहून काढताना ‘व्हतं’, ‘मंग’, ‘आन्’, ‘लई’ हे सगळं तसंच राहू द्या. ‘तवा म्या काय केलं, पाटीत भाकर घेतली आन् तडक निगाले’ याचं ‘तेव्हा मी टोपलीत भाकरी घेऊन तातडीने निघाले’ केलंत की आजी त्यातून निघून जातात. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या शेतात, जात्यावर म्हणत गेल्या आणि मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी लिहून घेतलं म्हणून ते उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्यांची गाणी छापून आली. लिहिणाऱ्यांनी त्यांची बोली ठेवली, हे फार मोठं काम केलं. मुलाला काही शब्द कळणार नाहीत अशी काळजी करू नका. ‘कणगी म्हणजे काय?’ असं त्याने विचारलं की त्यातून आणखी एक आठवण निघते.

जुन्या गोष्टींमध्ये सावत्र आईचा छळ, सवतीमत्सर, बाईने मुकाट सोसणं, जातीचे टोमणे हेही असतं. नोंदीत मी ते गाळत नाही. मुलाला सांगताना मात्र आजींवर बंधन न घालता, दुसऱ्या दिवशी त्याच्याशी तुम्ही बोला. ‘त्या राणीला असं वनात पाठवलं, बरोबर केलं का राजानं?’ सहा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्याय पक्का कळतो. बऱ्याचदा आजींनाही तो बोललेला आवडतो, आणि पुढच्या वेळी त्या गोष्ट थोडी वळवून सांगतात. तोंडी गोष्टी अशाच पिढ्यान्‌पिढ्या बदलत आल्या आहेत.

पुस्तक काढायचं का, असं तुम्ही शेवटी विचारलंत. घाई नको. एक साधी फाइल करा. एका गोष्टीला एक पान, आजींच्या शब्दांत. खाली दोन ओळी: ही आजींना कुणी सांगितली, आणि आजींनी ती कुणाकुणाला सांगितली. दुसऱ्या ओळीत तुमचं नाव येईल, तुमच्या मुलाचं येईल. अशी पंधरा-वीस पानं झाली की आजींचं आयुष्य त्यात आपोआप दिसायला लागतं आणि ‘जीवनपट’ असा वेगळा लिहावा लागत नाही. ते आजींना वाचून दाखवा. त्या चुका काढतील, राहिलेलं सांगतील. त्या वेळी फोन पुन्हा चालू करा, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात चांगला मजकूर याच वाचनात मिळतो.

आणि कानाचं. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला मुलाला बसवा, त्याच्या तोंडावर उजेड पडेल असं. ओरडून बोलू नका, त्याने शब्द फाटतात. सावकाश, जरा खालच्या पट्टीत बोला. तपासणी झाली नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे एकदा नेऊन आणा. नुसता मळ साचलेला असला तर तिथल्या तिथे फरक पडतो. यंत्र लागणार असेल तर ते आधी सवयीचं होऊ द्या, लगेच रेकॉर्डिंगला बसवू नका. तोवर रात्रीचा भोपळा चालू ठेवा. तो आजींना तोंडपाठ आहे, आणि ‘टुणूक टुणूक’ तुमचा मुलगा इतक्या जोरात म्हणेल की ते त्यांना नक्की ऐकू जाईल.